अर्धा दिवस, पुरा हुन्नर

रक्त काढल्यावर कोणती नळी आधी भरायची आणि कोणती नंतर, याला एक ठरलेला क्रम असतो. आपल्याकडच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये जांभळ्या टोपणाची एक छोटी नळी सगळ्यांनी पाहिलेली असते. तिच्या आत ई.डी.टी.ए. नावाच्या रसायनाचा पोटॅशियमयुक्त क्षार असतो. रक्त गोठायला कॅल्शियम लागतं. हे रसायन ते कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून त्या नळीतलं रक्त पातळ राहतं आणि त्यातल्या पेशी मोजता येतात. आता समजा, ही नळी आधी भरली आणि तिच्यातल्या रसायनाचा कणभर अंश सुईबरोबर पुढच्या नळीत गेला. पुढच्या नळीच्या तपासणीत पोटॅशियम वाढलेलं दिसेल आणि कॅल्शियम घटलेलं. वाढलेलं पोटॅशियम म्हणजे हृदयाच्या ठोक्यांना धोका. डॉक्टर दचकतील, पेशंटला तातडीनं हॉस्पिटलात पाठवतील, आणि त्या माणसाला प्रत्यक्षात काहीच झालेलं नसेल. म्हणून जांभळी नळी सीरमच्या नळीनंतरच भरायची.

आणखी एक गंमत पाहा. रक्त देताना मूठ एकदा आवळून धरली की शीर वर येते. तीच मूठ पुन्हा पुन्हा उघडमीट केली, तर हाताच्या स्नायूंतून पोटॅशियम रक्तात येतं आणि आकडा पुन्हा फसवा निघतो. दंडाला बांधलेला पट्टा मिनिटाहून जास्त वेळ राहिला तरी रक्तातल्या काही घटकांचं प्रमाण बदलतं. एका साध्या टोचणीत एवढं शास्त्र भरलेलं आहे. आणि ते सांभाळणारा हात बहुतेक वेळा डॉक्टरांचा नसतो, दवाखान्यातल्या सहायिकेचा असतो.

या सहायिकेला हे सगळं कोण शिकवतं, कुठे शिकवतं आणि किती काळात, याचं जगातलं एक अतिशय विचारपूर्वक बांधलेलं उत्तर जर्मनीत आहे. त्या उत्तरातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग असा, की ज्या बाईच्या घरी लहान मूल आहे किंवा अंथरुणाला खिळलेली सासू आहे, तिलाही हे शिक्षण अर्धवेळ घेता येतं. पगार घेत, खऱ्या दवाखान्यात, खऱ्या पेशंटांमध्ये. आणि शेवटी हातात पडणारं प्रमाणपत्र पूर्णवेळ शिकणाऱ्यांच्या प्रमाणपत्राच्या तसूभरही खाली नसतं.

दवाखाना हीच शाळा

जर्मनीतल्या दवाखान्यात पाऊल टाकलं की पहिली गाठ पडते ती मेडित्सिनिशे फाखआंगेश्टेल्टे या पदाच्या सहायिकेशी. सगळे तिला एम.एफ.ए. म्हणतात. ती पेशंटचं विमाकार्ड मशीनमध्ये घालते, तक्रार ऐकते, कुणाला रांगेत बसवायचं आणि कुणाला आत्ताच्या आत्ता आत न्यायचं ते ठरवते. ई.सी.जी. काढते, रक्त घेते, जखमेची पट्टी बदलते, डॉक्टरांनी सांगितलेलं इंजेक्शन देते, उपकरणं निर्जंतुक करते आणि विमा मंडळाकडे जाणारा हिशेबही तयार करते. रोगाचं निदान, उपचाराचा निर्णय आणि पेशंटला उपचार समजावून संमती घेणं ही कामं डॉक्टरांचीच. त्याखेरीज दवाखान्यात जे घडतं, त्यातल्या बहुतेक गोष्टींना तिचा हात लागतो.

हे शिक्षण तीन वर्षांचं. त्याचा आजचा आराखडा १ ऑगस्ट २००६ पासून लागू आहे. या व्यवसायात बहुसंख्य स्त्रियाच आहेत आणि जर्मन मुली निवडतात त्या व्यवसायांच्या यादीत तो वर्षानुवर्षं अगदी वरच्या ओळीत असतो.

यासाठी कॉलेजात प्रवेश घ्यायचा नसतो. मुलगी थेट एखाद्या डॉक्टरांकडे अर्ज करते आणि दोघांत उमेदवारीचा करार होतो. हा करार त्या राज्यातल्या डॉक्टरांच्या मंडळाकडे नोंदवला जातो. आठवड्यातले एक-दोन दिवस ती सरकारी व्यवसायशाळेत जाते, उरलेले दिवस दवाखान्यात. फी नाही, उलट दर महिन्याला विद्यावेतन. परीक्षा घेते ते डॉक्टरांचं मंडळ. म्हणजे शिकवणारा दवाखाना वेगळा, शाळा वेगळी आणि पारखणारे तिसरेच. ज्यानं कामाला ठेवलं त्यानंच उत्तीर्ण करायचं, असा घरगुती मामला इथे नाही.

या उमेदवारीमागे १९६९ सालचा व्यवसाय-शिक्षण कायदा आहे. त्यातली काही कलमं वाचताना माणूस थबकतो. उमेदवाराला फक्त अशीच कामं द्यावीत, जी तिच्या शिक्षणाच्या हेतूला उपयोगी पडतील आणि तिच्या अंगाला झेपतील, असं कायदा स्पष्ट बजावतो. शिकायला लागणारं साहित्य दवाखान्यानं विनामूल्य द्यायचं. रोज काय शिकलो याची जी नोंदवही उमेदवारानं ठेवायची असते, ती लिहायला कामाच्या वेळातच वेळ द्यायचा. सुरुवातीचे एक ते चार महिने परीक्षेचे. ते संपले की सबळ कारणाशिवाय डॉक्टर तिला काढू शकत नाहीत. नव्या पोरीला चहा आणायला आणि फरशी पुसायला लावून तीन वर्षं काढायची, ही वाट कायद्यानंच बंद केली आहे.

जबाबदारीही पहिल्या दिवसापासून पुरी. पेशंटचं गुपित फोडणं हा जर्मन दंडसंहितेच्या २०३व्या कलमानुसार गुन्हा आहे, आणि हे कलम डॉक्टरांच्या हाताखाली व्यवसाय शिकणाऱ्यांनाही लागू होतं. काल शाळा सोडून आलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीवर समाजानं आज हा भरवसा टाकलेला असतो. शेजारच्या काकूंना कोणता आजार आहे ते तिला कळणार, आणि ते तिच्या ओठांबाहेर जाणार नाही.

बारा पाठ, आठशे चाळीस तास

व्यवसायशाळेचा अभ्यासक्रम ८४० तासांचा आहे, दर वर्षी २८० तास. त्याची मांडणी पाहण्यासारखी आहे. शरीरशास्त्र, रसायनशास्त्र, हिशेब अशा विषयांच्या भिंती तिथे घातलेल्या नाहीत. दवाखान्यात प्रत्यक्ष घडणाऱ्या कामांवरून बारा भाग पाडले आहेत. पेशंटचं स्वागत करून त्याला सोबत करणं हा एक. स्वच्छता आणि संसर्गापासून बचाव हा दुसरा. अकस्मात प्रसंगी मदत करणं, साहित्य मागवून त्याचा साठा ठेवणं, छोट्या शस्त्रक्रियेत हाताशी उभं राहणं, जखमांची देखभाल, आजार होऊ नये म्हणून घ्यायची काळजी, असे एकेक करत शेवटच्या भागात स्वतःच्या पुढच्या वाटचालीचा विचार येतो. मूत्रपिंड कसं चालतं, हे इथे लघवीच्या नमुन्यासोबतच शिकायचं.

त्या नमुन्याचंच पाहू. रंगीत चौकोनांची पट्टी लघवीत बुडवायची आणि रंग बदलले की तक्त्याशी ताडून पाहायचे. वरकरणी पोरखेळ. पण त्यातला एक चौकोन नायट्राइट शोधतो. लघवीत मुळात नायट्रेट असतं; जंतुसंसर्ग असेल तर अनेक जातींचे जंतू त्याचं नायट्राइट करतात. या रूपांतराला वेळ लागतो, लघवी मूत्राशयात काही तास साठलेली असावी लागते. म्हणून सकाळची पहिली लघवी मागायची. दिवसभर पाणी पिऊन दर अर्ध्या तासाला जाऊन आलेल्या माणसाचा संसर्ग ही पट्टी चुकवू शकते. कुणी क जीवनसत्त्वाच्या गोळ्या भरपूर घेत असेल, तर साखरेचा आणि रक्ताचा चौकोन खोटं बोलू शकतो. म्हणजे पट्टी बुडवण्याआधी पेशंटला दोन प्रश्न विचारायला हवेत. ते प्रश्न विचारणारी मुलगी मूत्रपिंडाचं शास्त्र, जंतूंचं शास्त्र आणि माणसांशी बोलण्याचं शास्त्र एकाच वेळी वापरत असते.

ई.सी.जी.मध्येही असंच. हातापायांच्या चार तारांना चार रंग: उजव्या हाताला लाल, डाव्या हाताला पिवळा, डाव्या पायाला हिरवा, उजव्या पायाला काळा. पहिले तीन रंग सिग्नलच्या दिव्यांच्या क्रमानं पाठ करतात. छातीवरच्या सहा जागा मात्र बोटांनी बरगड्या मोजतच सापडतात. पहिली जागा चौथ्या आणि पाचव्या बरगडीच्या मधल्या फटीत, छातीच्या मधल्या हाडाच्या उजव्या काठाला. तिथून बाकीच्या जागांचा हिशेब. आता घाईत लाल आणि पिवळी तार उलटसुलट लागली, तर आलेखाची पहिली ओळ उलटी होते. हृदय उजव्या बाजूला असलेल्या दुर्मीळ माणसाचा आलेखही या ओळीत असाच दिसतो. मग तारा चुकल्या की हृदयच उजवीकडे आहे, हे कसं ओळखायचं? छातीवरच्या सहा ओळी पाहायच्या. तारांचीच अदलाबदल असेल तर त्या नेहमीसारख्या असतात. चांगली शिकलेली सहायिका कागद डॉक्टरांपुढे ठेवण्याआधीच हे पाहते आणि पेशंटला उठू न देता तारा बदलून आलेख पुन्हा काढते.

रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा जाड दंडाला लहान पडला, तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. लसी २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायच्या हे पुष्कळांना माहीत असतं. पण ॲल्युमिनियमचा क्षार असलेल्या लसी एकदा गोठल्या की त्यांची ताकद जाते, आणि पुन्हा वितळल्यावर त्या नुसत्या पाहून ओळखता येतीलच असं नाही. म्हणून फ्रिजच्या मागच्या गार भिंतीला लस चिकटू द्यायची नाही आणि तापमान रोज लिहून ठेवायचं. ऑटोक्लेव्हमध्ये १३४ अंशांची वाफ काही मिनिटांत जंतू मारते, पण पोकळ उपकरणात हवेचा एखादा बुडबुडा अडकला तर वाफ तिथे पोचतच नाही. म्हणून हवा आधी खेचून काढणारं यंत्र हवं, आणि वाफ पोचल्याची खूण दाखवणारी पट्टी प्रत्येक वेळी तपासायला हवी.

ही सगळी माहिती पुस्तकातून मिळते. पण शीर सापडणं पुस्तकातून येत नाही. चांगली शीर डोळ्यांना दिसेलच असं नाही. ती बोटाखाली किंचित दबते आणि परत वर येते. पिकलेला हापूस अंगठ्याला कळतो, तशी ती बोटाला कळते. त्यासाठी कित्येक दंडांवरून बोट फिरावं लागतं. म्हाताऱ्यांच्या सरकणाऱ्या शिरा, केमोथेरपीनं कडक झालेल्या शिरा, भीतीनं आकसलेल्या शिरा. इथे शाळा थांबते आणि दवाखाना पुढे होतो. आधी पाहायचं, मग अनुभवी सहायिकेच्या नजरेखाली करायचं, मग एकटीनं करायचं. आणि दोनदा टोचूनही शीर मिळाली नाही, तर दुसऱ्या हाताला बोलवायचं हेही शिकायचं.

घड्याळ ताणणारा कायदा

आता या सगळ्याला तीन वर्षं पूर्णवेळ लागत असतील, तर अठराव्या वर्षी आई झालेल्या मुलीनं काय करायचं? तिशीत घटस्फोट होऊन दोन मुलांसह उभी राहिलेली बाई कुठे जाईल? जर्मनीत बराच काळ याला सोयीचं उत्तर नव्हतं. २००५ साली व्यवसाय-शिक्षण कायद्याची फेररचना झाली, तेव्हा अर्धवेळ उमेदवारीची वाट उघडली. पण ती ज्यांना सबळ कारण दाखवता येईल त्यांच्यापुरती होती. घरी स्वतःचं मूल आहे किंवा आजारी माणसाची शुश्रूषा करायची आहे, असं पटवून द्यावं लागे. १ जानेवारी २०२० पासून ती अटही गेली. कायद्यात ७-अ हे नवं कलम आलं आणि अर्धवेळ उमेदवारी सर्वांना खुली झाली. आता कारण सांगायचं बंधन नाही. उमेदवार आणि डॉक्टर दोघांची संमती असली की पुरे.

या कलमाचं गणित सुबक आहे. रोजचा किंवा आठवड्याचा वेळ जास्तीत जास्त निम्म्यानं कमी करता येतो. जितका वेळ कमी, तितका एकूण काळ लांबतो. मात्र मूळ मुदतीच्या दीडपटीहून जास्त नाही. दवाखान्यांच्या सामूहिक करारात पूर्ण आठवडा ३८.५ तासांचा आहे. त्याचा तीन-चतुर्थांश, म्हणजे सुमारे २९ तास घेतले, तर तीन वर्षांची उमेदवारी चार वर्षांची होते. निम्माच वेळ घेतला तर सरळ हिशेबानं सहा वर्षं व्हायला हवीत, पण दीडपटीची मर्यादा असल्यानं साडेचार वर्षांत ती पुरी होते. विद्यावेतन वेळेच्या प्रमाणात कमी होऊ शकतं, पण वेळ जितका कमी झाला त्याहून जास्त कापता येत नाही.

आता या कलमानं कशाला हात लावलेला नाही ते पाहा. परीक्षा तीच. उपचारातील साहाय्य या विषयाची १२० मिनिटांची लेखी परीक्षा, दवाखान्याची व्यवस्था आणि कारभार यांची १२० मिनिटांची, अर्थ-समाजशास्त्राची ६० मिनिटांची. त्यावर ७५ मिनिटांपर्यंतची प्रात्यक्षिक परीक्षा. तिथे एक पूर्ण प्रसंग समोर ठेवतात आणि पेशंट आत येण्यापासून काम निभावून दाखवायचं असतं. हे असंच का केलंत, असं परीक्षक नंतर विचारतात. घरी मूल आहे म्हणून तिला कुणी सोपी प्रश्नपत्रिका देत नाही. तिला मिळतो तो वेळ.

मला या रचनेतलं शहाणपण इथेच दिसतं. अडचणीतल्या माणसाला शिकवायचं म्हटलं की जगभर एक सोपी युक्ती वापरली जाते: अभ्यासक्रम छोटा करायचा, सहा आठवड्यांचं सर्टिफिकेट द्यायचं आणि त्याच्या हाती हलक्या दर्जाचं काम सोपवायचं. त्यानं पोट भरतं, पण मान वर होत नाही. इथे दर्जाला कुणी हात लावलेला नाही. वाकलं आहे ते कॅलेंडर. अर्धवेळ शिकलेली एम.एफ.ए. आणि पूर्णवेळ शिकलेली एम.एफ.ए. नोकरीच्या अर्जात एकाच पायरीवर उभ्या राहतात.

शेजारच्या ऑस्ट्रियानं हीच गाठ वेगळ्या पद्धतीनं सोडवली आहे. तिथे २०१३ पासून वैद्यकीय साहाय्याच्या व्यवसायांसाठी स्वतंत्र कायदा आहे. दवाखान्यातल्या सहायिकेचं शिक्षण किमान ६५० तासांचं, त्यातला किमान अर्धा भाग प्रत्यक्ष कामाचा. नोकरीत राहूनच ते पुरं करता येतं. जर्मनीच्या मानानं अभ्यासक्रम आखूड आणि कामाची कक्षाही लहान. पण तिथेही ठरावीक प्रकारच्या झटपट चाचण्या आणि, लहान मुलं सोडून इतरांचं, शिरेतून रक्त घेणं डॉक्टरांच्या सूचनेनुसार तिच्याकडे येतं.

सावकाशपणाचा लाभ

लांबलेल्या काळाकडे आपण तोटा म्हणून पाहतो. दवाखान्याच्या बाबतीत मला तसं वाटत नाही, आणि याचं कारण आजारांच्या चालीत आहे.

जर्मन दवाखान्याचं वर्ष तीन-तीन महिन्यांच्या चार तिमाह्यांत चालतं. विम्याचा हिशेब तिमाहीचा, पेशंटचं कार्ड नव्या तिमाहीत पुन्हा वाचायचं, आणि मधुमेहासारख्या जुनाट आजारांच्या लोकांसाठी जे देखरेखीचे कार्यक्रम आहेत, त्यांतही पेशंट ठरावीक काळानं, बहुधा दर तिमाहीला येतो. आता मधुमेहाची एच.बी.ए.वन.सी. ही तपासणी घ्या. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि जगताना रक्तातली साखर त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते. म्हणून ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते. आदल्या दिवशी जिलेबी टाळून तिला फसवता येत नाही. शरीर स्वतःच जवळपास तिमाहीची नोंद ठेवतं.

अशा पेशंटच्या तळपायाला सहायिका १० ग्रॅम दाबानं वाकणारा एक बारीक नायलॉनचा दोरा टेकवते आणि डोळे मिटलेल्या माणसाला विचारते, कळलं का? जिथे कळत नाही, तिथे नस मंदावलेली असते. तिथे खडा रुतला तरी त्याला समजणार नाही, जखम चिघळेल. मग १२८ हर्ट्झचा नादकाटा वाजवून घोट्याच्या हाडावर ठेवायचा आणि थरथर कुठवर जाणवते ते पाहायचं. एका भेटीत हे फक्त कौशल्य आहे. तोच पाय ती पुन्हा पुन्हा, तिमाहीमागून तिमाही पाहते, तेव्हा मागच्या खेपेला जाणवलेला ठिपका आज जाणवत नाही हे तिला कळतं आणि आजार कसा सरकतो ते तिच्या डोळ्यांपुढे उलगडतं. साडेचार वर्षं शिकणाऱ्या मुलीला अशा अठरा तिमाह्या मिळतात, तीन वर्षांत बारा. फ्लूच्या लसींचे हंगाम तिच्या वाट्याला जास्त येतात. ओळखीचे म्हातारे आणखी थकताना ती पाहते, ओळखीची बाळं लसीपुरती येता येता चालू लागलेली पाहते. जुनाट आजारांचं ज्ञान तासांइतकंच ऋतूंमध्ये मोजलं जातं, आणि हे ऋतू घाई करून मिळत नाहीत.

शिवाय ती रिकाम्या हातांनी येत नाही. ज्या बाईनं रात्रभर तापलेलं लेकरू मांडीवर घेतलं आहे, तिला फोनवरच्या घाबऱ्या आईच्या आवाजात खरं संकट आणि नुसती भीती यांतला फरक लवकर ऐकू येतो. दवाखान्याला अशा कानांची फार गरज असते.

अडचणीही खऱ्या आहेत. व्यवसायशाळेचे तास सहसा कमी होत नाहीत. म्हणून अगदी निम्म्यावर आलं तर शाळेचे दिवस वजा जाता दवाखान्याला थोडाच वेळ उरतो. तीन-चतुर्थांश वेळ म्हणूनच जास्त जमतो. शाळा सकाळी लवकर भरते आणि पाळणाघर त्याआधी उघडलं नाही तर सगळा बेत ढासळतो. कापलेल्या विद्यावेतनात घर चालत नाही, मग सरकारी मदतीचे अर्ज करावे लागतात. आणि डॉक्टरांची संमती ही अट असल्यानं अशी जागा शोधावीच लागते. जर्मनीतल्या एकूण उमेदवारीच्या करारांत अर्धवेळ करार अजून अगदी थोडे आहेत. दार उघडं आहे, पण त्यातून आत येणाऱ्यांची संख्या वाढायला आजूबाजूची व्यवस्थाही हलावी लागते.

दवाखान्याच्या उंबऱ्यापलीकडे

प्रमाणपत्र मिळालं की वाट संपत नाही. पूर्व जर्मनीत १९७५ साली दूरदर्शनसाठी ‘श्वेस्टर आग्नेस’ नावाचा चित्रपट झाला. स्कूटरवरून गावोगाव फिरून आजाऱ्यांची खबर घेणारी एक परिचारिका त्याची नायिका होती. लोकांना ती इतकी आवडली की जर्मनीच्या एकीकरणानंतरही तिची आठवण टिकून राहिली. पुढे ग्रामीण भागात डॉक्टर कमी पडू लागले, तेव्हा ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठानं २००५ साली र्‍युगन बेटावर एक प्रयोग सुरू केला. डॉक्टरांच्या वतीनं खास शिकवलेल्या सहायिकेनं म्हाताऱ्या पेशंटांच्या घरी जायचं, रक्तदाब आणि साखर मोजायची, औषधं नीट घेतली जातात का पाहायचं आणि सगळं डॉक्टरांना कळवायचं. प्रयोगाचं नाव त्या नायिकेवरूनच ठेवलं: आग्नेस.

आज पुढचं शिक्षण घेतलेल्या एम.एफ.ए.ना डॉक्टरांच्या सांगण्यावरून घरभेटीला जाता येतं. घरभेटीत जे दिसतं ते दवाखान्यात कधीच दिसत नाही. उशाशी एकत्र मिसळलेल्या तीन डॉक्टरांच्या गोळ्या, पाय अडखळेल असा गालिचा, रिकामा फ्रिज. शिरेवर बोट ठेवायला शिकलेली मुलगी आता घराची नाडी पाहू लागते.

आपल्याशी नातं

महाराष्ट्राचा या गोष्टीशी संबंध आता कागदावरही आला आहे. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. २०२४ साली महाराष्ट्र शासनानं, श्टुटगार्ट ज्याची राजधानी आहे त्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याला कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. जर्मन शिकून तिथल्या उमेदवारीसाठी अर्ज करणारी मराठी मुलंमुली आज आपल्या आजूबाजूला आहेत. त्यांतल्या प्रत्येकानं आपल्या करारातली ही कलमं वाचून जावं, असं मला मनापासून वाटतं. कोणतं काम देता येतं, नोंदवही कधी लिहायची, वेळ कमी करून मागता येतो का, हे त्यांचे हक्क आहेत.

काम करत शिकणं ही कल्पना आपल्याला परकी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा आणि शिका’ हे शब्द महाराष्ट्राच्या घराघरांत नेले. त्यांच्या वसतिगृहातला मुलगा श्रम करून शिक्षण मिळवी. जर्मन उमेदवारीत एक पाऊल पुढे टाकलेलं दिसतं: जे काम करून ती मुलगी कमावते, तेच काम तिचा अभ्यास असतो. आपल्याकडे १९६१ पासून शिकाऊ उमेदवारीचा कायदाही आहे. पण आपल्या गल्लीतल्या दवाखान्यात नंबर लावणारी, केसपेपर काढणारी, ड्रेसिंगला हात देणारी ताई त्या कायद्याच्या छायेत क्वचितच असते. ती पाहून पाहून शिकलेली असते. वीस वर्षांच्या अनुभवानंतरही दवाखाना बदलला की ती पुन्हा पहिल्या पायरीवर, कारण तिला काय येतं हे सांगणारा एकही कागद तिच्याजवळ नाही. नळ्यांचा क्रम तिला माहीत असेल तर ती कुणा चांगल्या डॉक्टरांची कृपा, आणि नसेल तर त्याची किंमत पेशंट मोजतो.

तिच्यासाठी फार मोठ्या इमारती उभारायला नकोत. दवाखाना आहे, पेशंट आहेत, शिकवू शकणारे डॉक्टर आहेत. हवा आहे तो काय शिकवायचं हे लिहिलेला एक करार, आठवड्यातून एक दिवस भरणारी शाळा, आणि दवाखान्याबाहेरच्या माणसांनी घेतलेली एक चोख परीक्षा. जोडीला तो कायदा, जो तिच्या घरचं मूल पाहून अभ्यास कमी करणार नाही, फक्त मुदत वाढवून देईल. हे जर्मनीनं करून दाखवलं आहे. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्यात, डॉक्टरांच्या एखाद्या संघटनेनं आणि एखाद्या आय.टी.आय.नं मिळून हे सुरू करायला कोणाचीही आडकाठी नाही.